चकलीचं ऑपरेशन अन् माझं बीपी!

घरातल्या लाडक्या कुत्रीचं 'स्पे' करायचं ठरलं की टेन्शन तिला नसतं, आपल्याला असतं! ब्लड टेस्टपासून टाक्यांपर्यंतच्या शंका, आईचे प्रश्न आणि त्या बारा दिवसांची ही गोष्ट.

घरात कुत्री आहे म्हटलं की लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. चावते का? ब्रीड कुठलं? आणि तिसरा, थोडा आवाज खाली आणून... पिल्लं कधी?

पहिले दोन सोपे आहेत. चकली चावत नाही, चाटते. आणि ब्रीड म्हणाल तर अस्सल पुणेरी गावठी. शेपटी वळून पाठीवर गोल बसते, म्हणून नाव चकली. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी 'पिल्लं नाहीत, तिचं ऑपरेशन करायचंय' असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा एकदम पडतो. 'अय्यो, बिचारी! कशाला गं?'

हा 'कशाला' जाम छळतो. कारण बाहेर आपण कितीही ठामपणे बोललो तरी रात्री दोन वाजता, ती पायाशी घोरत असताना, आपल्यालाही तोच प्रश्न पडलेला असतो. चांगली धडधाकट आहे. उड्या मारतेय. आणि आपण तिला नेऊन टेबलावर झोपवणार?

गेटवरचे रोमिओ

आमच्याकडे विषय निघाला तो मे महिन्यात. चकली दुसऱ्यांदा हीटवर आली आणि सोसायटीच्या गेटवर एरियातल्या सात-आठ रोमिओंनी मुक्काम ठोकला. रात्रभर भुंकणं, भांडणं. सेक्रेटरी काकांनी जिन्यात गाठून, 'तुमच्या पाहुण्यांचं काहीतरी बघा,' असं सुनावलं. मी आणि माझी रूममेट तीन आठवडे तिला दोन-दोन पट्टे लावून फिरवत होतो.

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येते. गर्भारपण जेमतेम दोन महिन्यांचं, आणि एका वेळेला पाच-सहा पिल्लं सहज. चकली स्वतः अशाच एका वेतातली. पार्किंगमध्ये सापडलेल्या पाचांपैकी ती एकटी जगली. त्यामुळे 'पिल्लं देऊ कुणालाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आता स्पे म्हणजे नेमकं काय? आपण सरसकट 'नसबंदी' म्हणतो, पण हे नुसती नस बांधण्याइतकं किरकोळ नाही. पोट उघडून अंडाशय आणि बहुतेकदा गर्भाशयही काढून टाकतात. नर कुत्र्याचं काम बाहेरच्या बाहेर होतं, मादीचं मात्र पोटाचं मोठं ऑपरेशन. म्हणजे काळजी वाटणं अगदी रास्त आहे. कुणी 'त्यात काय एवढं' म्हणालं तर मनावर घेऊ नका!

मग करायचं कशाला? सगळ्यात मोठं कारण म्हणजे पायोमेट्रा. हीट संपल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू भरतो. कुत्री सारखं पाणी पिते, खाणं सोडते, आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत जुनी, त्यामुळे तिकडे नोंदी पक्क्या असतात. त्या सांगतात की, ऑपरेशन न झालेल्या साधारण पाचातल्या एका कुत्रीला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार गाठतो. तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं, पण तापलेल्या, अशक्त, म्हाताऱ्या कुत्रीवर.

दुसरं कारण स्तनांच्या गाठी. पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन केलं तर हा धोका जवळजवळ संपतो, असं १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासापासून सांगितलं जातं. पण २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि त्यातला पुरावा आपण समजतो तितका भक्कम नाही, असं सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठानं २०२० मध्ये पस्तीस ब्रीड्सचा हिशेब मांडला. त्यात लहान चणीच्या कुत्र्यांना लवकर ऑपरेशनचा सांध्यांवर फारसा परिणाम दिसला नाही, मोठ्या ब्रीड्सपैकी बऱ्याच जणांना मात्र दिसला. तात्पर्य काय, तर तुमच्याकडे लॅब किंवा गोल्डन असेल तर 'सहा महिन्यांची झाली, चला' असं करू नका. वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आईचा फोन

खरी परीक्षा साताऱ्याहून आली. आईचा फोन.

'अगं, एकदा तरी आई होऊ दे तिला. मग कर काय करायचं ते.'

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एकदा पिल्लं झाल्यानं कुत्रीची तब्येत सुधारते याला काही आधार नाही. तिला 'आई व्हायचं राहून गेलं' अशी रुखरुख लागते, हेही आपणच ठरवलेलं. मी हे सगळं आईला व्यवस्थित समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, 'आई, वाईट एवढंच वाटतं गं, तिला विचारता येत नाही.'

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, 'विचारता येतं, त्यांना तरी कुठे विचारतात?'

आणि फोन ठेवताना, 'तारीख ठरली की सांग. मी येते.'

मला यावर पुढे काही बोलायचं सुचलं नाही. आजही सुचत नाही. पण त्या दिवसानंतर आईनं 'बिचारी' हा शब्द चकलीसाठी वापरलेला नाही.

नव्वद हजार!

हीट चालू असताना त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. ऑगस्ट उजाडला. मी तीन क्लिनिक्समध्ये चौकशी केली. तिन्हीकडे आकडे वेगळे, कारण आकड्यात काय-काय धरलंय तेही वेगळं. एका ठिकाणी तर 'तरुण आहे हो, ब्लड टेस्ट कशाला?' असं ऐकायला मिळालं. मॅडमनी मात्र आधी रक्त काढलं.

रिपोर्ट आला. प्लेटलेट्स नव्वद हजार.

माणसांसारखंच कुत्र्यांनाही रक्त गोठायला प्लेटलेट्स लागतात आणि त्या साधारण दोन लाखांच्या वर असाव्या लागतात. चकलीला गोचीड ताप निघाला. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि प्लेटलेट्स खाली आणतो. गंमत म्हणजे बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खात होती, पळत होती, कुरिअरवाल्यावर भुंकत होती. आपल्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, गोचिडी म्हणजे घरोघरचा प्रश्न. हा रिपोर्ट काढलाच नसता आणि पोट उघडल्यावर रक्त थांबलं नसतं तर? त्या विचारानं मला जेवण गेलं नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्सिसायक्लिन, रोज, चार आठवडे. गोळी लपवायला आधी चीज, मग पनीर, मग अंडं... चकलीनं सगळं खाऊन गोळी तेवढी बाजूला ठेवायची कला आत्मसात केली! दुसरीकडे कॅलेंडर पळत होतं. फार लांबलं असतं तर पुढची हीट आली असती आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात गणपती आले. ढोल-ताशे वाजत असताना टाके घातलेली कुत्री घरात ठेवायची कल्पनाच नको. विसर्जन उरकलं, पुन्हा रक्त दिलं. दोन लाख चाळीस हजार. मी क्लिनिकमध्येच रूममेटला मिठी मारली.

भूल उतरेपर्यंत

सगळ्यात मोठी भीती भुलीची. 'उठलीच नाही तर?' यावर आकड्यांनी मला थोडा धीर दिला. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यू साधारण दोन हजारांत एक होता. आधीच आजारी असलेल्यांमध्ये तोच पंचाहत्तरात एक! म्हणजे चार आठवडे थांबणं किती मोलाचं होतं बघा. त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे ऑपरेशननंतरचे होते आणि त्यातले बरेच पहिल्या तीन तासांतले. म्हणून 'ऑपरेशन कोण करणार' याइतकंच 'नंतर तिच्यापाशी कोण बसणार' हेही विचारायचं.

मंगळवार सकाळ. रात्रीपासून उपाशी असलेली चकली शेपूट हलवत आत गेली. मी बाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून एका रेस्टॉरंटचा रिव्ह्यू लिहायला बसले. पाऊण तासात एक वाक्य लिहिलं, तेही नंतर खोडलं. आई शेजारी बसून वाती वळत होती. सकाळच्या एसटीनं आली होती.

मॅडम बाहेर आल्या, 'झालं, छान झालं,' म्हणाल्या. पण घरी सोडलं ते संध्याकाळी, ती स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावरच.

भोंगा आणि बारा दिवस

पहिली रात्र कठीण असते, हे आधीच सांगून ठेवते. भूल उतरताना कुत्री कण्हते, थरथरते, भिंतीकडे बघत बसते, ओळखसुद्धा दाखवत नाही. आपल्याला वाटतं आता संपलं सगळं. बऱ्याचदा तो भुलीचा अंमल असतो. पांघरूण, मंद दिवा आणि शांतता, एवढंच लागतं. आईनं जमिनीवर गादी घातली आणि तिच्या पोटावर हात न लावता, डोक्यावर हात ठेवून रात्रभर पडून राहिली. पहाटे चारला चकलीनं तिचा हात चाटला.

दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि उकडलेलं चिकन. भात आईचा, चिकन रूममेटचं. स्वयंपाकघराची तेवढी फाळणी झाली. आजीनं फोनवरून जखमेवर हळद लावायला सांगितलं. आईनंच परस्पर उत्तर दिलं, 'डॉक्टरांनी काही लावू नका म्हटलंय.'

गळ्यातला प्लास्टिकचा कोन म्हणजे आमच्या घरचा भोंगा. दारांना, सोफ्याला, आमच्या पोटऱ्यांना धडकत तो घरभर फिरला. दया येऊन काढू नका! टाके चाटायला कुत्रीला एक मिनिट पुरतं. कोन अगदीच सहन होत नसेल तर अंगभर बसणारा सूट मिळतो, पण तोही डॉक्टरांना विचारूनच.

आणि खरा धोका पहिल्या रात्री नसतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी असतो. कारण तेव्हा तिला वाटतं आपण बऱ्या झालो. वरून टाके छान दिसतात, आत मात्र अजून भरत असतं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अठरा किलोची चकली आम्ही दिवसातून तीनदा उचलून खाली-वर केली. जिमचे पैसे वाचले!

ऑफिसवाल्यांनो, रजेचं आधीच बघा. हिंजवडीतल्या माझ्या एका मित्रानं मागच्या वर्षी 'फॅमिली इमर्जन्सी' लिहून तीन दिवस काढले होते. मॅनेजरनं कोण आजारी आहे विचारल्यावर त्यानं फोटो पाठवला. मॅनेजरनं स्वतःच्या बीगलचा फोटो उलट पाठवला.

बाराव्या दिवशी टाके निघाले. आई सहाव्या दिवशीच साताऱ्याला परतली होती, पण रोज रात्री व्हिडिओ कॉल, आणि पहिला प्रश्न मी जेवले का हा नसून 'तिनं खाल्लं का?' हा. आता पुढचं काम वजनाचं. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, त्यामुळे वाटी मोजूनच द्यायची. चकलीला हे अजिबात मान्य नाही. तिचं मत मात्र आता आम्हाला रोज, मोठ्या आवाजात, कळतं.

तुमच्या घरी तारीख ठरली असेल तर...

- ब्लड टेस्ट टाळू नका. प्लेटलेट्स बघाच. गोचिडी दिसत नसल्या तरीही.
- खर्च विचारताना भूल, तपासण्या, वेदनेची औषधं, ड्रेसिंग, टाके काढणं हे सगळं धरलंय का, ते स्पष्ट विचारा.
- उपास किती तासांचा ते डॉक्टरच सांगतील. पिल्लू असेल तर तो कमी असतो.
- शनिवार सोयीचा वाटतो, पण रविवारी क्लिनिक बंद असेल तर फोन कुणाला करायचा? आधीच नंबर घ्या.
- घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका. माणसांची वेदनाशामकं कुत्र्यांच्या यकृताला, पोटाला, किडनीला घातक ठरतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध, दिलेल्या मापातच.
- टाके निघेपर्यंत आंघोळ नाही, उड्या नाहीत, पट्ट्याशिवाय बाहेर नाही.
- टाक्यांजवळ किंचित सूज चालते. रक्त, पू, घाण वास, पांढरट हिरड्या, सतत उलट्या किंवा दुसऱ्या दिवशीही खाणं बंद... लगेच डॉक्टर गाठा, सकाळची वाट पाहू नका.