सोनेगांवचा विमानतळ व रात्रींचें टपाल

नागपूरच्या नैर्ऋत्येस सोनेगांव येथें जो विमानतळ आहे, त्याचा आरंभ १९१७-१८ सालचा, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा होय. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलानें वाटेवरील मुक्काम म्हणून त्याचा उपयोग केला. तेथील जुन्या इमारती त्याच काळच्या. तथापि केवळ युद्धामुळें या स्थळास महत्त्व आलें असें मानणें युक्त नव्हे. तें आलें टपालामुळें. जानेवारी १९४९ मध्यें सुरू झालेल्या योजनेनुसार मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून विमानें रात्रीं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरीं एकत्र येत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरीं परतत. त्याच वर्षीं एप्रिलपासून साधें पत्रहि जादा आकाराशिवाय विमानानें जाऊं लागलें. चारी दिशांस असा मध्य साधणारें दुसरें मोठें शहर कोठें होतें? पुढें लांब पल्ल्याचीं विमानें आल्यावर मधल्या मुक्कामाची गरज ओसरली. १९७३ सालीं ती योजना बंद झाली. २००५ सालीं विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं याच नगरींत धम्मदीक्षा घेतली होती. तेव्हां हें नामकरण यथार्थच म्हटलें पाहिजे. वायुदलाच्या तळानें मात्र सोनेगांव हें जुनें नांव सोडलेलें नाहीं.