पेटीचा हिशेब

३५ मिमीची फिल्म प्रोजेक्टरमधून सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जाते. मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून लांब पट्टी! हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणून हा ऐवज रिळांत विभागून पत्र्याच्या पेटीत भरायचा आणि एसटीच्या टपावरून तालुक्याला धाडायचा. टॉकीजबाहेर पहिला प्रश्न असायचा, ‘पेटी आली का?’

तालुक्याच्या थिएटरचं सगळं अर्थकारण या पेटीत होतं. प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्याच निघत. आधी मुंबई-पुणे, मग जिल्हा, मग तालुका. तोवर फिल्मवर रेघोट्या उमटलेल्या आणि सांधे इतके, की गाण्याचं एखादं कडवंच गायब. पण शिळ्या प्रिंटचा भाव कमी असे आणि स्वस्त तिकिटाला तो परवडे.

डिजिटल आलं, पेटी गेली. तालुक्यालाही शुक्रवारीच नवा चित्रपट मिळू लागला. फायदा खराच, पण जुना चित्रपट कमी भाड्यात आणून आठवडा काढायची सोय त्याबरोबर आटली.

फिक्की-ईवायच्या अहवालांनुसार देशात २०१८ मध्ये एकपडदा थिएटरं ६,६५१ होती, २०१९ मध्ये ६,३२७. एका वर्षात ३२४ पडदे उतरले. त्याच वर्षी मल्टिप्लेक्सचे पडदे २,९५० वरून ३,२०० झाले. सगळं खापर कोरोनावर फोडणाऱ्यांनी या सालांकडे नीट पाहावं.

कराचा भारही कोरोनाआधीचाच. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के लागले. जानेवारी २०१९ पासून ते १२ झाले. मराठी चित्रपटावर चालणाऱ्या टॉकीजला मात्र तेव्हा शून्यावरून बारा हीसुद्धा वाढच होती.

प्रेक्षक उरलाच नाही, असंही नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’साठी साताऱ्याजवळच्या रहिमतपूरला रात्री १२ आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले. पण दिवसाला ४ खेळ धरले तर वर्षाचे होतात १,४६०. असा एखादा चित्रपट सहा आठवडे हाउसफुल्ल चालला तरी त्यात भागतात १६८. उरलेल्या १,२९२ खेळांना वीजबिल आणि डोअरकीपरचा पगार तेवढाच लागतो, खुर्च्या भरोत न भरोत.