विद्यार्थी संशोधन प्रकल्प आणि शेतातील नोंदीची नीती

कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे अनेक प्रकल्प आज शेतकऱ्यांच्या शेतावर घेतले जातात. त्यांच्या नैतिकतेचा विषय निघाला की चर्चा प्रामुख्याने वाङ्मयचौर्याभोवती फिरते. प्रबंधातील उसना मजकूर संगणक शोधून देतो. परंतु भर उन्हात एकट्या विद्यार्थ्याने वहीत लिहिलेला अळ्यांचा आकडा खरा की अंदाजाने भरलेला, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. कीटकशास्त्रातील प्रकल्पांची खरी परीक्षा तेथे होते.

हा प्रश्न नवा नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. 1937 पासून या संस्थेच्या वतीने अविभाजित बंगालमध्ये तागाखालील क्षेत्राची नमुना पाहणी सुरू झाली. दूरवरच्या गावांत एकेकटे फिरणारे गणक काय लिहून आणतील, याची चिंता महालनोबिसांना होती. त्यांनी गणकांना प्रामाणिकपणाचे धडे देत बसण्याऐवजी पाहणीची रचनाच बदलली. एकाच प्रदेशात एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र नमुने निवडायचे, ते दोन वेगळ्या गटांनी एकमेकांच्या नोंदी न पाहता तपासायचे आणि शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. नमुन्यागणिक थोडा फरक पडणारच. परंतु तो प्रमाणाबाहेर गेला, तर नोंद घेण्यातच काही बिघडले आहे हे कळते. माझ्या मते विद्यार्थी प्रकल्पांसाठी यापेक्षा उपयुक्त धडा दुसरा नाही.

याच काळातील दुसरा वाद मराठी वाचकांना जवळचा वाटावा. पीक कापणी प्रयोगासाठी शेतातील तुकडा केवढा घ्यावा, यावर महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यात मतभेद होते. लहान तुकड्यांमुळे उत्पादन वास्तवापेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांचे प्रतिपादन होते. कारण साधे आहे. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने मोठी. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा संभ्रम पडला की हात नकळत ते आत ओढतो. यात कोणी खोटे बोलत नाही. तरीही आकडा फुगतो.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या प्रकल्पांत नेमके हेच घडते. एकरी 20 हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहायची असतात. अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. त्यामुळे बाहेरून निरोगी दिसणारे बोंडही फोडावेच लागते. विद्यार्थी मात्र बांधालगतची किंवा डाग दिसणारी बोंडे निवडतो, आणि ज्या वाफ्यात औषध फवारले आहे हे त्याला ठाऊक असते, तेथे त्याची नजर आपोआप सौम्य होते. म्हणून निवडायच्या ओळी व झाडे आदल्या दिवशीच चिठ्ठ्या टाकून ठरवावीत, वाफ्यांना केवळ सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि काही वाफ्यांची मोजणी दुसऱ्या विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करावी. नोंद शाईने व्हावी. चूक झाल्यास खोडरबर न वापरता एक रेघ मारून शेजारी सही करावी.

आता शेतकऱ्याकडे वळू. प्रयोगात तुलनेसाठी फवारणी न केलेला वाफा लागतो. आपल्या दृष्टीने तो ‘नियंत्रण’ असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते डोळ्यांदेखत किडीला दिलेले पीक असते. प्रात्यक्षिक आहे एवढेच सांगून शेत मागणे आणि हा वाफा ऐन हंगामात उघड करणे ही शुद्ध फसवणूक आहे. नुकसान कोण भरून देणार, तपासणीसाठी तोडलेल्या बोंडांचा हिशेब कसा होणार आणि प्रादुर्भाव कोणत्या टप्प्यावर पोहोचल्यास प्रयोग थांबवून त्या वाफ्यातही फवारणी करायची, हे पेरणीपूर्वी मराठीत लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. शेतकऱ्याने मध्येच नकार दिला तर तो मान्य करावा. कृषी सहायकाने केवळ ओळख करून देऊन बाजूला न होता या बोलण्याच्या वेळी उपस्थित राहावे. विद्यार्थ्यापुढे संकोचणारा शेतकरी त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो. फवारणारा मजूरही या प्रयोगाचा भाग आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतरही हातमोजे व मुखपट्टीविना फवारणी करून घेणारा प्रकल्प मंजूर होऊ नये.

मार्गदर्शकांविषयीही लिहिले पाहिजे, आणि येथे दोष माझा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत कामगंध सापळ्यांतील पतंगांचे सात दिवसांचे आकडे फारच सारखे दिसले. पावसाने ओढा भरला होता आणि तो शेतात पोहोचलाच नव्हता. आधीच्या आठवड्याची सरासरी त्याने भरली होती. सलग तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते, आणि त्याच्या बनावट आकड्यांनुसार ती ओलांडलीच गेली नव्हती. त्या आधारे कोणी फवारणी पुढे ढकलली असती, तर फटका शेतकऱ्याला बसला असता. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “रिकामा रकाना चालणार नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं.” ते खरे होते.

त्या प्रबंधात अखेर सातही रकान्यांत ‘नोंद नाही’ असे छापले. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला. विद्यार्थ्याने ओढ्याची हकीकत सांगितली. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचे पान उलटले.