गाडी गरम होते तेव्हा: नांदेड-लातूरच्या उन्हातली मोठी गाडी

नांदेड गोदावरीच्या काठावर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर. त्यामुळे लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरकडे जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एकूणात चढाचाच आहे. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे, लग्नसराई, स्कॉर्पिओत सात-आठ माणसं आणि एसी पूर्ण चालू, असा सगळा भार इंजिनावर एकदम येतो. मग मीटरवरचा काटा चढायला लागतो आणि लोक म्हणतात, “गाडी गरम होतेय, पाणी टाका.” पण नुसतं पाणी टाकून हा दोष जात नाही, आणि चुकीचं पाणी टाकलं तर वाढतो.

आधी इंजिन थंड राहतं कसं, ते पाहू. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेतला निम्म्याहून कमी भाग चाकांच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि कूलंटवाटे बाहेर जाते. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो. थर्मोस्टॅट वॉल्व्ह बहुतेक इंजिनांत 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तापलेलं कूलंट रेडिएटरकडे सोडतो. तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना त्याची उष्णता पातळ जाळीमार्फत हवेत जाते. झाकणाचंही यात मोठं काम आहे. ते आत साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवतं. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, आणि कूलंट त्याहूनही वर. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि कूलंट लवकर उकळतं. म्हणून जुन्या गाडीला हा स्वस्तातला भाग आधी बदलून पाहावा.

आता पाण्याचं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात बोअर आणि टँकर हाच अनेक घरांचा आधार, आणि गाडीतही तेच पाणी जातं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते बाहेर पडून धातूला चिकटतात. घरातल्या बंबात आतून जो पांढरा, खरखरीत थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. एक तर नळी अरुंद होते, आणि शिवाय तो थर उष्णता धातूपर्यंत पोहोचू देत नाही. यालाच मेकॅनिक ‘रेडिएटर चोक झाला’ म्हणतात. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्यंही नसतात, त्यामुळे पंप आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खराब होत जातं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच घालावं. ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरावं. हिरवं, लाल, निळं अशा रंगावरून कूलंट ओळखू नये, कारण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. दोन जातींची कूलंट एकत्र केली तर आत गाळ धरण्याचा धोका असतो.

चोक बाहेरूनही होतो. सोयाबीनच्या मळणीतला भुसा, काळ्या मातीची धूळ आणि किडे एसीच्या कंडेन्सरमध्ये, तसंच कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतात. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च धरून फटीत पाहावं. इंजिन गार असताना हलक्या धारेने, आतून बाहेरच्या दिशेने धुवावं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीची पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

दोष शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी नेमकी कधी गरम होते?

गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर. बोलेरो, फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत इंजिनावर फिरणारा पंखा सिलिकॉन द्रव भरलेल्या कपलिंगवर असतो. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने फिरवून पाहावा. थोडा जड लागला तर ठीक. मोकळा गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेलं. पंखा विजेवर चालणारा असेल तर त्याला हात लावू नये, तो आपोआप सुरू होऊ शकतो. तिथे फ्यूज, रिले आणि मोटर तपासावी.

गावात ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक. सुरू केल्यावर थोड्याच वेळात गरम, तर कूलंट कमी, आत हवा अडकलेली, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला किंवा पंप निकामी. कूलंट रोज कमी होतं पण गळती दिसत नाही, गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसतं किंवा कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी.

“थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरम होणार नाही,” हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो मानू नये. इंजिन पुरेसं तापलं नाही की डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला उष्णता लागते, तिथेही अडचण येते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडावा आणि सावलीत गाडी उभी करावी. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करावं. झाकण उघडू नये. दाब सुटताच उकळतं कूलंट तोंडावर, हातावर उडतं आणि गंभीर भाजतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबावं, होज पाइप हाताला गार लागला की मगच कापड धरून झाकण हळू सोडावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. दुसरा इलाजच नसेल तर बोअरऐवजी बाटलीतलं पिण्याचं पाणी घालावं आणि गावी पोहोचल्यावर सगळं काढून पुन्हा कूलंट भरून घ्यावं.

जुन्या गाडीत आजवर काय पाणी घातलं गेलं हे माहीत नसेल, तर होळीपूर्वी रेडिएटर फ्लश करून घ्यावा. गार इंजिनातलं पाणी काढायचं, डिस्टिल्ड वॉटर भरून हीटर चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार झाल्यावर ते काढायचं. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करायचं. मग कूलंट भरून आतली हवा काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहायची. काढलेलं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, गुरं चाटतात आणि दगावतात. डबा बंद करून ते गॅरेजकडे द्यावं.

होळीपासून मृग लागेपर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये कूलंट आहे का ते पाहावं. पातळी घटलेली दिसली तर नुसतं भरून निघू नका. ते गेलं कुठे, हे त्याच दिवशी शोधा. होज पाइप वेळीच बदलला तर खर्च थोडक्यात भागतो. तोच पाइप लोहा-अहमदपूरच्या मध्ये फुटला आणि गाडी तशीच रेटली, तर हेडचं काम निघतं, आणि भर उन्हात रस्त्याकडेला बसायची वेळ येते ती गाडीतल्या लेकरांवर आणि म्हाताऱ्या माणसांवर.