वर्तुळाबाहेरची जागा

कचरा कुठे टाकायचा हे कागदावर ठरवणं तसं सोपं आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अंतरं नेमून दिली होती. नदीपासून १०० मीटर. तलाव, महामार्ग, वस्ती, बाग आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर. पूरक्षेत्र नको, पाणथळ नको, किनारा नियमन क्षेत्र नको. विमानतळ तर २० किलोमीटर लांब हवा, कारण कचऱ्यावर घारी जमतात आणि त्या इंजिनात शिरतात.

आता मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर कंपासचं टोक टेकवा आणि २० किलोमीटरचं वर्तुळ काढा. दहिसर आत, मुलुंड आत, देवनार तर केव्हाच आत. बाहेर राहतं ते कुलाब्याचं टोक. तिथे डंपिंग ग्राउंड करा असं कोणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. खास बाब म्हणून १० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ना हरकत दाखला मिळतो खरा. पण त्यातून खाडी, कांदळवन आणि वस्त्या वजा केल्या की हाती फारसं काही उरत नाही.

मुंबईच्या क्षेपणभूमी अशा कंपासने निवडल्याच गेल्या नाहीत. देवनार १९२७चं. तेव्हा ते गावाबाहेरचं खाजण होतं आणि खाजण म्हणजे फुकट गेलेली जमीन, अशीच समजूत होती. पुढे शहरातून उठवलेल्या गरिबांनाही त्याच बाजूला धाडण्यात आलं, आणि आज गोवंडी-शिवाजीनगरची घरं ढिगाऱ्याला खेटून आहेत. २०० मीटरचा नियम इथे नुसता वाचायला. २०१६च्या जानेवारीअखेर देवनार पेटलं, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या: कचऱ्याची सोय नाही, तर आणखी घरं कशाला? इतका सरळ प्रश्न नगर नियोजनात क्वचितच विचारला गेला असेल.

खरी भरावभूमी तळापासून बांधावी लागते. आधी ९० सेंटिमीटर चिकणमाती, दाबून पक्की केलेली. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, पट्ट्याला पट्टा तापवून जोडलेलं. भूजलाची पातळी मातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली. हा सगळा खटाटोप लीचेटसाठी, म्हणजे ओल्या कचऱ्यातून पाझरणाऱ्या काळ्या, उग्र पाण्यासाठी. ते नळ्यांतून गोळा करून शुद्ध करायचं. देवनारच्या जुन्या ढिगाखाली असं अस्तर नाही. पाझर थेट खाडीकडे जातो.

क्षेपणभूमीच्या वजनकाट्यापाशी थोडं थांबलं तर सगळं गणित समोर येतं. भरलेला डंपर काट्यावर चढतो, आकडा पडतो. रिकामा होऊन परतताना पुन्हा आकडा. दोन्हींतला फरक म्हणजे कचरा. जिथे कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात, तिथे हलका कचरा कोणाला हवा असतो? पावसात भिजलेला माल, मध्येच मिसळलेलं डेब्रिज, सगळं वजनात धरलं जातं. कचरा कमी करा असं सांगणारी पालिका त्याचं बिल मात्र वजनावर चुकवते, हे मला फार चमत्कारिक वाटतं.

कारण नियमच सांगतो की भरावभूमीत जायचा तो फक्त उरलासुरला, न कुजणारा, न जळणारा, पुन्हा न वापरता येणारा माल. २०१७मध्ये पालिकेने मोठ्या सोसायट्यांना आपला ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, ते याच तर्काने. नोटिसा निघाल्या, काही ठिकाणी खताचे पिंप आले, बऱ्याच ठिकाणी ते गच्चीवर तसेच पडून राहिले. रोजचे सहा हजार टन निघायचे ते निघतातच.

मग नव्या जागेचा शोध शहराबाहेर जातो. अंबरनाथ तालुक्यातल्या करवले गावची ५२ हेक्टर जमीन मुंबईसाठी ठरली आणि गावकरी विरोधात उभे राहिले. मुंबईने वापरावं आणि करवल्याने वास घ्यावा, याला ते तयार कसे होतील?

शहरातली गोराईची क्षेपणभूमी २००७ला बंद झाली, मुलुंडची २०१८ला, त्यामुळे बहुतेक भार कांजूरच्या क्षेपणभूमीवर आला. देवनारचे १८५ लाख टन आता बायोमायनिंगने उपसायचे आहेत. ढीग फोडायचा, फिरत्या चाळणीतून माती, चिंध्या-प्लास्टिक आणि दगड वेगळे करायचे. प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतं. माती आणि दगड मात्र कुठल्या तरी सखल जमिनीत भरावे लागतात, आणि त्यासाठी पुन्हा जागा शोधावी लागते.