वीस निवर्तने करंजासाठी, नऊ वडासाठी

जुन्नरला खेटून असलेल्या मानमोडी डोंगरात ब्राह्मी लिपीतला एक छोटा दानलेख आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने दोन शेतांचे उत्पन्न कोणाचिक इथल्या श्रेणीच्या, म्हणजे व्यावसायिक संघाच्या, हवाली केले: 20 निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि 9 निवर्तने वडासाठी, असे त्याचे वाचन अभ्यासकांनी केले आहे. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे माल नेणाऱ्या या व्यापारी नगरात झाडे लावणे हे पुण्यकर्म होतेच. पण त्यासाठी कायमच्या उत्पन्नाची तजवीजही करावी लागते, हे दात्याने ओळखले होते.

निवडही जाणत्याची आहे. करंजाचे तेल खाण्याजोगे नाही, दिव्यासाठी मात्र उत्तम. पेंड खत म्हणून शेतात जाते आणि किडींनाही आवरते. शिवाय करंज शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. वडाची सावली तर विस्तीर्ण, आणि पारंब्यांच्या आधाराने ती पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाते.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आज उपयोगी झाडाचा हा मान हिरड्याचा आहे. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबे कोवळी फळे झाडून, वाळवून बाळहिरडा विकतात. डोंगरउतारावरच्या भात-नाचणीतून हाती पैसा फारसा येत नाही; तो हिरडा देतो.

हिरड्याची किंमत त्याच्या तुरटपणात आहे. फळात टॅनिन भरपूर असते. कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना टॅनिन घट्ट बांधते, म्हणून कमावलेले चामडे कुजत नाही. लोहाच्या क्षाराशी त्याचा संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो; जुनी शाई आणि कापडाचे रंग त्यावरच उभे होते. त्रिफळ्यातले एक फळही हेच. एकोणिसाव्या शतकात भारतातला हिरडा चामडे कमावण्यासाठी इंग्लंडपर्यंत जात असे.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांचे वाफे भाजण्यासाठी, इथे झाडांच्या फांद्या तोडल्या जातात. त्या वाफ्यावर जाळल्या की तणाचे बी मरते आणि रोपांना राखेचे खत मिळते. दरवर्षी फळ देणाऱ्या हिरड्यावर मात्र कोयता सहसा चालत नाही.

जिथे उत्पन्नाचा हिशेब नव्हता, तिथे देवाचा धाक होता. आहुपे परिसरातल्या देवराईत कुऱ्हाडबंदी पाळली गेली, म्हणून अंजनी, जांभूळ यांचे सदाहरित रान आणि त्यातला शेकरू टिकला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवरचा अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध केला आणि या श्रद्धेमागचे संवर्धन शास्त्राच्या पटलावर आणले. भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले ते त्यानंतर, 1985 मध्ये.

दान, देव आणि दाम या तीन आधारांवर इथली झाडे उभी राहिली. यातला तिसरा आधार आज डळमळतो आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची मोठी हानी केली आणि भरपाईसाठी आदिवासींना आंदोलने करावी लागली. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. आता हिरड्याची नोंद पिकासारखी व्हावी, त्याला रास्त हमीभाव मिळावा आणि नवी लागवड सरकारी खर्चाने व्हावी. झाड राखणाऱ्याचे घर चालले, तरच झाड राहील.