जुनी होडी घेताना

नवी होडी बांधायची तर मोठी रक्कम लागते. ती प्रत्येकाच्या गाठीला नसते. म्हणून किनाऱ्यावरची पुष्कळ माणसे पहिली होडी जुनीच घेतात. यात कमीपणा काही नाही. चांगली निगा राखलेली सागवानी होडी बापानंतर मुलगाही चालवतो. पण रंग फासला की सडकी होडीसुद्धा नव्यासारखी दिसते. बैल घेताना फसलो तर पैसे जातात. होडी घेताना फसलो तर पैसे जातात आणि एखाद्या दिवशी माणसेही जातात. म्हणून जुनी होडी कशी पारखावी आणि घेतल्यावर कशी राखावी, ते आज आपण पाहू.

आम्ही इथे लहान होडीबद्दल सांगणार आहोत. तीनचार माणसे बसतील, वल्ह्यांनी किंवा मागे अडकवलेल्या मशीनने चालेल, अशी होडी. मोठ्या ट्रॉलरची गोष्ट वेगळी.

होडी पाहायला कधी जावे? ती पाण्याबाहेर असेल तेव्हा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी म्हणून ही बंदी आहे. लहान होड्याही त्या दिवसांत वर ओढून झापांखाली ठेवतात. तळ मोकळा दिसतो. खाली वाकून, आडवे पडून, पाठ मळवून पाहता येते. पाण्यात डुलणारी होडी वरून पाहून कधी सौदा करू नये.

वाळलेल्या होडीच्या फळ्यांमध्ये फटी दिसल्या तर लगेच नाक मुरडू नका. लाकूड वाळले की आकसते. पाण्यात गेले की फुगते आणि फटी मिटतात. कोरडी होडी पाण्यात घातली की पहिल्या दिवशी पाणी घेतेच. पुढे ते रोज कमी होत गेले पाहिजे. चौथ्या दिवशीही बादलीने उपसत बसावे लागले, तर मात्र दुखणे दुसरे आहे.

दाभण खिशात ठेवा

विकणारा म्हणेल, “बघ भावा, आताच रंग काढलाय. एकदम टकाटक!” ताजा रंग पाहून खूश होऊ नये. उलट विचारावे, की विकायच्या आधीच रंग का काढला? एरवी काढला असता तर चांगलेच. पण रंगाखाली आणि लांबीखाली पुष्कळ काही झाकते.

खिशात एक दाभण ठेवा. मालकाला विचारून ते फळीवर जागोजाग टोचा. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम टोकापुरते जाते. कुजलेल्या लाकडात ते भाकरीत गेल्यासारखे सहज जाते. कुठे टोचाल? तळाच्या मधोमध लांब कणा असतो, त्याला पठाण म्हणतात. फळ्या या पठाणाला जिथे जोडल्या आहेत तिथे आधी पाहा. मग पुढे नाळेपाशी. मग आतल्या बरगड्यांच्या बुडाशी. जिथे पावसाचे पाणी साचून राहते तो कोपरा तर सोडूच नका.

इथे एक गोष्ट सांगतो. ती ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लाकूड कुजते ते गोड्या पाण्याने जास्त, खाऱ्या पाण्याने कमी. कूज म्हणजे एक प्रकारची बुरशी. तिला ओल आणि हवा लागते, आणि मीठ तिला मानवत नाही. म्हणून रोज समुद्रात जाणारी होडी टिकते, आणि उघड्यावर पावसात भिजत पडलेली होडी दोनचार वर्षांत आतून भुसभुशीत होते. “ही होडी तीन वर्षे वापरलीच नाही, नवीच आहे,” असे कोणी सांगितले तर ती अधिक बारकाईने पाहावी.

खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो किड्यासारखा, पांढरा आणि लांबट. पण तो आहे तिसऱ्या आणि कालवांच्या कुळातला. त्याचे पिल्लू अगदी बारीक असते. ते फळीवर बसते, टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडते आणि आत शिरते. पुढे सारी वाढ आतच होते. तो लाकूड खात बोगदा करीत जातो आणि बोगद्याला आतून चुन्यासारखा पांढरा लेप देतो. बाहेरचे भोक मात्र बारीकच राहते. अशी फळी वरून धडधाकट दिसते आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी असते. मग ओळखावी कशी? हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जा. भरीव फळी खणखणीत वाजते. पोखरलेली फळी पोकळ, बद्द वाजते. नारळ घेताना आपण कान लावतो ना, तसेच इथेही कान लावा.

खिळ्यांकडेही पाहा. तांब्याचे खिळे हिरवट होतात, पण टिकतात. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूड काळे पडते आणि भोक सैल होते. एखाददुसरा असा खिळा बदलता येतो. ओळीने सगळे काळे दिसले, तर ती होडी सोडून द्यावी.

एकदोन फळ्या बदलणे हे नेहमीचे काम आहे. त्याला भिऊ नये. पठाणच कुजला असेल तर मात्र फुकट मिळाली तरी ती होडी नको.

फायबरची होडी आणि मशीन

आता पुष्कळ ठिकाणी फायबरच्या होड्या आल्या आहेत. फायबर कुजत नाही, ते खरे. पण मागची फळी, जिच्यावर मशीन अडकवतात, ती वरून फायबर आणि आतून बहुधा प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकातून आत पाणी झिरपते आणि ते प्लायवूड कुजते. मशीनचा खालचा दांडा धरून वरखाली हलवा. मशीनबरोबर फळीही हलली किंवा कोपऱ्यात चिरा उघडल्या, तर आत काही राहिलेले नाही. भर समुद्रात फळी तुटून मशीन पाण्यात गेले तर काय होईल, ते तुम्हीच समजा. आत उभे राहून तळ पायाने दाबून पाहा. गादीसारखा दबला तर तोही गेलेला.

फायबरची दुरुस्ती पुष्कळजण घरी करतात. करा, पण एक सावधगिरी पाळा. राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, दोन औषधे घालतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ही दोन औषधे एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट राळेत घालून नीट ढवळावे, आणि काम सुरू करतानाच हार्डनर घालावे. डोळे जपावेत.

मशीन पाहायला जाल तेव्हा आधी त्याच्यावर हात ठेवा. गरम लागले तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवले आहे. थंड होऊ द्या आणि मग चालू करायला सांगा. थंड मशीन दोनचार ओढींत चालू झाले पाहिजे. चालू झाल्यावर बाजूने पाण्याची पिचकारी उडते, ती पाहा. मशीन थंड ठेवणारे पाणी आत फिरते आहे, याची ती खूण. पिचकारी नसेल तर मशीन लगेच बंद करा. खालच्या पेटीतले तेल थोडे काढून पाहा. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पुष्कळदा पंख्याच्या दांड्याला जाळ्याचा धागा गुंडाळतो, तो सील कापतो आणि पाणी आत जाते.

एवढे झाल्यावर होडी पाण्यात घालून एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कागद आणि पैसा

आता तुम्हांला वाचता येते. मग कागद दुसऱ्याकडून ऐकू नका, स्वतः वाचा. होडीची नोंदणी आहे का? कोणाच्या नावावर आहे? विकणारा तोच आहे का? होडीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का? तो क्रमांक इंग्रजी अक्षरांत असतो. भारताची तीन अक्षरे, मग राज्याची दोन. ओळख नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला बरोबर न्या. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे लोक ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका पळवून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून समुद्रात कागद कसून तपासतात. दुसऱ्याच्या नावाची होडी घेऊन फिराल, तर जाब तुम्हांलाच द्यावा लागेल.

होडीवर कर्ज आहे का, हे मच्छीमार सोसायटीत विचारावे. बाकी नसल्याचा दाखला मागावा. तोंडी “सगळं फिटलंय” याला किंमत नाही. नाव बदलण्याचा अर्ज मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे करतात. नाव बदलून मिळेपर्यंत थोडी रक्कम हातची राखावी.

आता भावाचे पाहू. समजा, एक होडी ५० हजारांना मिळते. सुतार म्हणतो, तीन फळ्या, कापूस, राळ आणि मजुरी मिळून १२ हजार लागतील. मशीनवाला ८ हजार सांगतो. म्हणजे ती होडी ७० हजारांची झाली. शेजारची होडी ६० हजारांना आहे आणि तिला नुसता रंग हवा. मग स्वस्त कोणती? सौद्याच्या आधीच होड्या बांधणाऱ्या सुताराला बरोबर न्यावे. त्याची एका दिवसाची मजुरी मुकाट्याने द्यावी. हा खर्च वाचवू नये, असे आमचे मत आहे.

घरी आणल्यावर

होडी आली म्हणजे काम संपले नाही. आत साचलेले पावसाचे पाणी रोज उपसा. भरतीला किनाऱ्यावर आणून ओहोटीला आडवी करा, तळाचे शेवाळ आणि चिकटलेली कवचे खरवडून काढा. फळ्यांमधला जुना कापूस सुटला असेल तर काढून नवा ठोकून भरा, वर राळ आणि तेल घाला. मग तळाला तांबे घातलेला रंग द्या. तांब्यामुळे पोखरणारा जीव बसत नाही. पूर्वी चुना आणि तेल खलून तळाला लावीत. काजूच्या टरफलाचे तेलही लावतात. ते अंगाला लागले तर फोड येतात, म्हणून हात झाका.

समुद्रातून आल्यावर मशीन गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवा. आतले मीठ धुऊन जाते. टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलबरोबर तेल मिसळावे लागते. पुष्कळ मशीनना ५० लिटरला १ लिटर लागते, पण आपल्या मशीनच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहा. अंदाजाने ओतू नका. मशीनच्या खालच्या भागाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. तो दिवसेंदिवस झिजतो, आणि झिजलाच पाहिजे. खारे पाणी आधी त्याला खाते, म्हणून मशीनची धातू वाचते. त्याला रंग देऊ नका. अर्धा झिजला की नवा लावा.

होडीत वल्ह्यांची जोडी, उपसायला डबा, लांब दोर, नांगर आणि माणशी एक लाइफ जॅकेट कायम ठेवा. मशीन असले तरी वल्ही हवीतच. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे. तो होडीच्या आतल्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा, ठळक रंगवून घ्या.